रेट कॉन्स्टंटचं एकक: सॅपोनिफिकेशनचा के ६.४ की ०.११?

प्रश्न (बीएस्सी_रसायन):
सॅपोनिफिकेशन, म्हणजे अल्कलीने एस्टर फोडणं: इथाइल ॲसिटेट (एस्टर) आणि कॉस्टिक सोडा (अल्कली), मिसळल्यावर दोन्हींची संहती ०.०२ मोल/लिटर, तापमान २५ अंश. १/(अ−क्ष) विरुद्ध मिनिटं हा आलेख सरळ आला (अ सुरुवातीची संहती, क्ष त्यातली संपलेली), चढ, म्हणजे के (रेट कॉन्स्टंट, वेगाचा स्थिरांक), ६.४. पुस्तकात मात्र ०.११ दिलंय. शिवाय मिथाइल ॲसिटेट ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घेतलं की के ०.००३५ प्रति मिनिट येतो. दोन्हीकडे एस्टरच फुटतं, मग एककं वेगळी का?

उत्तर (वेगमापक):
६.४ बरोबर आहे. उभ्या अक्षाचं एकक लिटर/मोल, आडव्याचं मिनिट, म्हणून चढ ६.४ लिटर/(मोल·मिनिट). ६० ने भागा: ०.१०७ लिटर/(मोल·सेकंद), तेच पुस्तकातलं ०.११. पडताळा हवा असेल तर अर्धायुष्य काढा: १/(६.४×०.०२), म्हणजे ७.८ मिनिटं. तेवढ्या वेळात अल्कली निम्मी झालेली दिसली पाहिजे.

कुठल्याही ऑर्डरला (वेग संहतीच्या कितव्या घाताप्रमाणे बदलतो, तो आकडा) वेगाच्या एककाला संहतीच्या त्या घाताने भागायचं. शून्य ऑर्डरला मोल/(लिटर·सेकंद), पहिलीला नुसतं प्रति सेकंद, तिसरीला लिटरवर्ग/(मोलवर्ग·सेकंद).

बीएस्सी_रसायन:
धन्यवाद सर. १/(अ−क्ष) ऐवजी थेट ब्युरेटचे मिलिलिटर घेतले तर चालेल का?

वेगमापक:
सेकंड ऑर्डरला, म्हणजे सॅपोनिफिकेशनला, तसेच घेऊन चालणार नाही. समजा १० मिलि नमुना थंड, जादा आम्लात ओतला आणि बॅक टायट्रेशनवरून (उरलेलं आम्ल मोजून) कळलं की अल्कलीने ०.०२ मोलर आम्लाचे 'व' मिलि खाल्ले. मग संहती ०.००२×व, आणि १/संहती म्हणजे ५००/व. १/व चा चढ ५०० ने गुणल्याशिवाय के मिळत नाही. फर्स्ट ऑर्डरला लॉगमध्ये गुणोत्तर असतं, तिथे हा गुणक कटतो. म्हणून आम्लाच्या प्रयोगात नुसती वाचनं पुरतात.

उत्तर (उत्प्रेरक):
दुसऱ्या शंकेबद्दल. आम्लाच्या प्रयोगात पाणी लिटरला सुमारे ५५ मोल, ते संपता संपत नाही. आम्ल उत्प्रेरक, तेही तेवढंच राहतं. दोन्ही संहती के मध्ये मुरतात आणि उरतं प्रति मिनिट: स्यूडो फर्स्ट ऑर्डर. म्हणून जर्नलमध्ये ०.००३५ शेजारी '०.५ मोलर आम्ल' लिहायलाच हवं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. ०.५ ने भागलंत तर ०.००७ लिटर/(मोल·मिनिट) मिळेल, आणि मग तो सॅपोनिफिकेशनच्या ६.४ शेजारी ठेवता येतो. अल्कलीत जवळजवळ ९०० पट वेग! एस्टर वेगळी आहेत, तरी फरकाचा अंदाज येतो.

उत्तर (वायुकण):
वातावरणातल्या अभिक्रियांचे तक्ते बघाल तेव्हा सांभाळा, तिथे एकक घन सेंमी/(रेणू·सेकंद) असतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोनचा के २९८ केल्विनला साधारण १.८×१०^(−१४). त्याला ६.०२२×१०^२० ने गुणलं की १.१×१०^७ लिटर/(मोल·सेकंद). १०^२३ नाही, कारण लिटरमध्ये १००० घन सेंमी, तो भागाकार आधीच झालाय. आणि अऱ्हेनियसच्या समीकरणातल्या (के तापमानाबरोबर कसा बदलतो ते सांगणाऱ्या) 'ए' या गुणकाला के चंच एकक लागतं. परीक्षेत तिथे सरसकट 'प्रति सेकंद' लिहिलं जातं, ते फक्त पहिल्या ऑर्डरला बरोबर.