अनुभव धागा : फिनिश लाइनजवळ पाय कधी उचलायचा?

गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला घरी आलो होतो, तेव्हा पार्क चौकात एका पोरानं विचारलं, "दादा, ड्रॅग शर्यतीत रेषा आधी ओलांडून माणूस हरतो कसं ओ?" चहा संपला तरी उत्तर संपेना, म्हणून हा धागा. मी मूळचा विजापूर रोडचा. सध्या टेक्सासमध्ये एका मित्राची सुपर स्ट्रीट गाडी आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो.

नियम असा : दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे 402 मीटर. एनएचआरए, म्हणजे अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना, हिच्या सुपर स्ट्रीट वर्गाला इंडेक्स, म्हणजे ठरवून दिलेला वेळ, 10.90 सेकंद, सुपर गॅसला 9.90, सुपर कॉम्पला 8.90. त्याहून कमी वेळ लागला की ब्रेकआउट, म्हणजे हार. दोघांचंही ब्रेकआउट झालं, तर ज्याचं कमी तो जिंकतो. आणि घड्याळ चालू होतं ते गाडी हलल्यावर. हिरव्या दिव्याला उशीर केलात तर तो या 10.90 मध्ये दिसत नाही, पण रेषेवर दिसतो.

माझी पहिली हार सांगतो. सुटताना दोघं जवळपास बरोबर. शेवटी मी गाडीभर पुढं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकलेला, आणि मनात जिंकलोच होतो. वेळेची छापील स्लिप आली : मी 10.86, तो 10.94. ताशी 200 किलोमीटरला शंभरावा सेकंद म्हणजे 55 सेंटिमीटर. आठ शतांश म्हणजे साडेचार मीटर, एक आख्खी गाडी. त्यातले पाच शतांश परत दिले असते, तर 10.91 आले असते आणि तरीही दीड मीटरनं पुढं राहिलो असतो. ते जादा अंतर मला नकोच होतं, त्यानंच मला हरवलं. तुमचे अनुभव लिहा, फक्त जिंकलेले नको.

होटगी रोडवरून, आता अमेरिकेत
माझं उलटं झालं. दादांसारखाच एकदा ब्रेकआउटनं हरल्यावर पुढच्या वेळी घाबरून लवकर पाय उचलला. डावीकडं बघितलं तर तो मागं होता, म्हटलं झालं काम. 10.95 ला गेलो आणि सहा सहस्रांशानं हरलो. फूटभर! चूक कुठं झाली ते व्हिडिओ पाहून कळलं. त्याच्या गाडीचा शेवटचा वेग माझ्यापेक्षा बराच जास्त. या वर्गात बरेच जण थ्रॉटल स्टॉप लावतात. त्यानं गाडी सुरुवातीला मुद्दाम आवळलेली असते आणि पुढं मोकळी सुटते. त्यामुळं 1000 फुटांवर, म्हणजे 305 मीटरच्या सुमारास, दिसणारं अंतर रेषेपर्यंत टिकत नाही. समोरचा किती मागं आहे यापेक्षा किती झपाट्यानं येतोय ते बघायला शिका. मला ते जमायला आख्खा हंगाम गेला.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गॅरेज
एकच सांगतो. पाय उचला, पण रेषेवर ब्रेक जोरात दाबू नका. वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्या वेगाला गाडी फिरली तर शेजारच्या लेनमध्ये जाते. आणि हे हायवेवर करून बघायचं नाही. माझ्या मावसभावाचा पाय अशाच रात्रीच्या शर्यतीत गेला. अजून त्याला जिना चढायला माणूस लागतो.

सातरस्ता
मी ड्रॅग नाही, टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलीत नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून हिशेब सांगणारी, असते. पण दुखणं तेच आहे. ठरलेल्या सरासरी वेगानं जायचं. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा तरी दंड. नव्या ड्रायव्हरला लवकर पोचण्यात पाप वाटत नाही, आणि शेवटच्या वळणाला कळलं की घाबरून एकदम ब्रेक मारतात. आम्ही दोन-तीन किलोमीटर आधीपासून थोडं थोडं सोडतो. हिशेब आधी पुरा असला की शेवटी हात शांत राहतात.

जुळे सोलापूर
कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर मित्रानं आणि मी 10.90 ठरवून खेळलो. पहिल्या रात्री दोघं फक्त ब्रेकआउट! दादा, समोरच्याकडं नेमकं कधी बघायचं?

धागाकर्ता
भावा, सुरुवातीला बघूच नको. गाडी 10.92 च्या आसपास बसव, पाय शेवटपर्यंत खाली, आणि प्रत्येक स्लिप वहीत चिकटव. तुझी गाडी सकाळी गार हवेत किती पळते आणि दुपारी किती, हे आधी तोंडपाठ पाहिजे; दाट हवेत ती आपोआप जोर धरते. वीस-तीस स्लिपा झाल्या की मग गाडी पाच शतांश जलद बसव आणि 300 मीटरच्या सुमारास एकदा मान वळव. बघ, ठरव, परत समोर. पायानं एक झटका देऊन सोडणं वेगळं आणि थोडा थोडा उचलणं वेगळं. दोन्हींनी किती वेळ जातो ते सरावाच्या दिवशी एकट्यानं मोजून ठेव. शर्यतीत पहिल्यांदा मोजायला गेलास तर फसशील.

ज्यांनी स्लिपा जपून ठेवल्यात त्यांनी 1000 फुटांचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे इथं लिहा. हरलेल्या फेऱ्यांचे आधी.