एजंट भलतंच टूल उचलतोय, डिस्क्रिप्शन नेमकं कसं लिहायचं?

कोपरखैरणे_१९
नमस्कार मंडळी. वाशीच्या फळ मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी एआय एजंट (म्हणजे मेसेज वाचून स्वतः कामं करणारा बॉट) बनवतोय, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतं, एजंट स्टॉक बघतो आणि ऑर्डर नोंदवतो, बस एवढंच काम. टूल्स (एजंटला वापरायला दिलेली फंक्शन्स) तीन, गेट_डेटा, गेट_स्टॉक आणि क्रिएट_ऑर्डर, आणि प्रत्येकाला एकेक ओळीचं डिस्क्रिप्शन, "डेटा आणतो", "ऑर्डर तयार करतो" असं. परवा एका ताईंनी लिहिलं "हापूस ५ डझन हवाय", एजंटने क्वांटिटीत ५ टाकले, आणि आमच्या सिस्टीममध्ये क्वांटिटी म्हणजे पेट्या, त्यामुळे थेट ५ पेट्यांची चिठ्ठी निघाली. टेम्पो भरायच्या आधी मेहताजींनी पकडलं म्हणून निभावलं. आणि भाव विचारला की कधी गेट_डेटा मारतो कधी गेट_स्टॉक, काही नेम नाही. मोठं मॉडेल घेऊ की फाइन-ट्यून (आपल्या उदाहरणांवर पुन्हा ट्रेनिंग) करू?

वागळे_इस्टेट
दोन्ही नको, पैसे घालवशील. तुझा कोड मॉडेलला दिसतच नाही रे, त्याच्यापुढे टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कुठल्या रकान्यात कसली माहिती भरायची त्याचा साचा) एवढंच जातं आणि तेवढ्यावर त्याला ठरवायचं असतं. ५ म्हणजे पेट्या हे तुला माहीत, मेहताजींना माहीत, मॉडेलला कोणी सांगितलं? ते मेहताजींच्या डोक्यातलं आधी कागदावर काढ, म्हणजे खरंच जाऊन त्यांच्या शेजारी तासभर बस, एका पेटीत किती डझन येतात, फळ मोठं असलं की किती कमी होतात, सुटे डझन देता का, हे सगळं विचार.
मग क्वांटिटीचे दोन तुकडे कर, "संख्या" आणि "एकक", एककाला ईनम लाव म्हणजे पेटी किंवा डझन यातलंच एक निवडता येईल, तिसरं काही नाही. डझनाची पेटी करायचा हिशोब मात्र कोडमध्ये ठेव, मॉडेलकडून करून घेऊ नको. आणि गेट_डेटा हे नाव आधी उडव. कसला डेटा? आजचा भाव देत असेल तर आजचा_भाव म्हण ना.

कोपरखैरणे_१९
पटलं. पण पेटीचं मी सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीला देतो त्या सूचनांमध्ये) लिहून ठेवलंय तरी चुकला, ते कसं?

ऐरोली_लोकल
लांबलचक प्रॉम्प्टमध्ये कुठेतरी मध्ये एक ओळ असेल तर निसटू शकते, जिथे आकडा भरायचा त्या पॅरामीटरलाच ते लिहिलेलं बरं. शिवाय उद्या हीच टूल्स एमसीपी सर्व्हरवर टाकलीस (एमसीपी म्हणजे वेगवेगळ्या एआय ॲप्सना टूल्स जोडायची सामायिक पद्धत, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेली), तर दुसऱ्या ॲपमध्ये टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि स्कीमा जाईल, तुझा प्रॉम्प्ट तुझ्याकडेच राहील.
वागळेंच्या सगळ्याला हो, फक्त लिहिताना निबंध करू नकोस. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती सगळी डिस्क्रिप्शन्स जातात, टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे, त्यावरच बिल येतं) खातात. आमच्या ऑफिसात दोन सर्च टूल्स जवळपास सारखी होती, फरक समजवायला मी डिस्क्रिप्शन वाढवत गेले, वाढवत गेले, तरी गोंधळ तसाच, शेवटी दोन्ही एकत्र करून एकच ठेवलं आणि प्रश्न मिटला. तीन-चार वाक्यं पुष्कळ होतात, काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं *नाही*, परत काय येतं. ते "कधी नाही" लोक लिहीतच नाहीत आणि चुका तिथेच होतात.
अजून एक, एरर मेसेजसुद्धा मॉडेल वाचतं. आमच्याकडे ०३/०४ ही तारीख कधी ३ एप्रिल कधी ४ मार्च व्हायची आणि टूल नुसतं "इनव्हॅलिड इनपुट" म्हणायचं, मॉडेल तेच परत पाठवत बसायचं. "तारीख २०२५-०४-०३ अशी द्या, आधी वर्ष" एवढं लिहिल्यावर दुसऱ्या फेरीत स्वतःच सुधारायला लागलं.

कोपरखैरणे_१९
काल मेहताजींकडे बसलो, तासाचे अडीच तास झाले. आता असं लिहिलंय:
"गिऱ्हाइकाने फळ, संख्या आणि एकक तिन्ही स्पष्ट सांगितल्यावरच ऑर्डर नोंदवा. नुसता भाव किंवा माल आहे का एवढंच विचारलं असेल तर हे टूल वापरू नका. पेटी की डझन हे मेसेजमध्ये नसेल तर अंदाज करू नका, आधी विचारा. परत चिठ्ठी नंबर आणि एकूण रक्कम मिळते."
गेल्या महिन्यातले खरे ४० मेसेज काढून चालवले, ३७ बरोबर आले, भाव विचारला की आता दरवेळी आजचा_भावच उचलतो. राहिलेले तिन्ही एकाच जातीचे, "अर्धी पेटी द्या". त्याने संख्या ०.५ टाकली.

वागळे_इस्टेट
अर्धी पेटी देता का तुम्ही?

कोपरखैरणे_१९
मेहताजी ओळखीच्यांना देतात, बाकीच्यांना नाही.

ऐरोली_लोकल
मग ते एजंटवर सोडूच नकोस. संख्या स्कीमामध्ये पूर्णांक कर, आणि डिस्क्रिप्शनमध्ये एक वाक्य घाल की अर्धी पेटी मागितली तर ऑर्डर न नोंदवता मेसेज मेहताजींकडे पाठवा. त्यासाठी चौथं टूल लागेल, पण ते करच.