मदत हवी आहे: कॅसेटचं रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखं येतंय

जुनी_भजनं
भजनाच्या ४० कॅसेट लॅपटॉपवर घ्यायच्यात. कॅसेट डेकपासून वायर लावली, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबलं. रेकॉर्ड होतं, पण आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा, मागे सतत घरघर. वायर बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. डेक रविवारी परत द्यायचाय. लवकर सांगा.

खर्ज
वायर कुठून कुठे? लॅपटॉपला माइक आणि हेडफोनची वेगळी भोकं आहेत की एकच? डेकचा स्पीकर चालू आहे का?

मंद्र
कॅसेटमधून दर्जा मिळणार नाही. कंडेन्सर माइक आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवरचा इंटरफेस घ्या, भजनं नव्याने रेकॉर्ड करा. माइक तोंडापासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर.

जुनी_भजनं
नव्याने नाही करायची. त्यातले गाणारे आता हयात नाहीत.
म्युझिक सिस्टीमच्या मागच्या लाल-पांढऱ्या आउटमधून लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात. भोक एकच. स्पीकर चालू आहे, नाहीतर गाणं कळणार कसं?

खर्ज
रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, कॅमेऱ्याजवळ, नखाने टकटक करा. ती मोठ्याने उमटली तर वायरीतून काहीच येत नाहीये. लॅपटॉपचा आतला माइक खोलीतला स्पीकर ऐकतोय. घरघर त्याच्याच पंख्याची.
कारण असं: त्या भोकात चार संपर्क असतात, तुमच्या पिनेवर दोनच काळी कडी, म्हणजे तीन भाग. माइकचा संपर्क पिनेच्या ग्राउंडला टेकतो आणि लॅपटॉप समजतो, साधा हेडफोन लावलाय.

तांब्याची_तार
मग चार भागांच्या पिनेचा, माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लावा. काम झालं.

खर्ज
नाही होत. तो माइक इनपुट आहे: मोनो म्हणजे एकाच चॅनलचा, काही मिलिव्होल्टचा. तुमचा लाल-पांढरा लाइन आउट साधारण ०.३ व्होल्ट देतो. आवाज फाटणार, आणि तो प्रीअँपमध्येच, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात, कापला गेला की नंतर स्लायडर खाली ओढून परत येत नाही.

तांब्याची_तार
मग मध्ये दोन रेझिस्टर लावा: १० किलोओहम मालिकेत, १०० ओहम ग्राउंडला. सिग्नल १०० पट उतरतो.

खर्ज
उतरतो, पण १०० ओहम दिसले की काही लॅपटॉप माइक लावलाय हेच ओळखत नाहीत. आणि मोनो तो मोनोच. ४० कॅसेटसाठी यूएसबी इंटरफेसच घ्या, म्हणजे आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारी डबी, आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचं) लाइन इन असलेली. बेरिंगर यूसीए२०२ पुरतो, ड्रायव्हर लागत नाही. स्वस्तातले यूएसबी डोंगल नकोत, त्यांतही बहुधा मोनो माइकच असतो.
ऑडॅसिटीत होस्ट वासापी (विंडोजची आवाज घेण्याची पद्धत), इनपुट यूएसबी, चॅनल २. विंडोजमधल्या ऑडिओ एन्हान्समेंट, म्हणजे आवाज आपोआप 'सुधारणाऱ्या' सोयी, बंद करा, नाहीतर टाळांचा नाद गोंगाट समजून त्या खाऊन टाकतात.

फेरिक
त्याआधी डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू: गाणं मोनोत ऐकत केसाएवढा फिरवा, टाळ सर्वांत लख्ख वाजतील तिथे थांबा. मोनोत ऐकायचं कारण, हेड तिरकं असेल तर दोन्ही चॅनल एकमेकांचा वरचा नाद मारतात. हे प्रत्येक कॅसेटला.

मंद्र
रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवरच घ्या.

फेरिक
यूसीए२०२ मुळात १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच आहे. कॅसेटला तेवढं भरपूर. ४४.१ किलोहर्ट्झला ६० मिनिटांची कॅसेट साधारण ६३५ एमबी होते. सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

जुनी_भजनं
टकटक आली, ढोलकीसारखी! इंटरफेस उद्या आणतो. एका कॅसेटमध्ये मात्र फीत फिरते पण आवाज दबका आहे, तिचं काय?

फेरिक
फितीमागचा स्पंजाचा तुकडा आहे का बघा. पडला असेल तर फीत हेडला टेकत नाही. कवचाला ५ स्क्रू असतील तर उघडून दुसऱ्या कॅसेटमधला पट्टीसकट बसवा. स्क्रू नसतील तर कवच चिकटवलेलं असतं, ते थेट चाकूने उघडायला जाऊ नका, आधी रिकाम्या कॅसेटवर हात बसवा.

खर्ज
इंटरफेस लावल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. थांबली तर ग्राउंड लूप, म्हणजे गुणगुण दोन यंत्रांच्या ग्राउंडच्या जोडणीतून येत होती.