मदत हवी आहे: स्पायडरमॅन गॉब्लिन या खलनायकाचा जीव घ्यायला निघतो, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे का?

मंडळी, स्पायडरमॅनचा 'नो वे होम' (२०२१) हा सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट सांगावा लागतोय.

माझा मुलगा आठवीत आहे. शाळेत 'माझा आवडता नायक' हा निबंध द्यायचाय. दोन पानं झरझर लिहून झाली आणि शेवटच्या परिच्छेदाशी गाडी अडली. तीनदा खोडलाय, कागद फाटायला आलाय. म्हणतो, "आई, तो मारणारच होता त्याला. मग 'स्पायडरमॅन कुणाचा जीव घेत नाही' असं मी कसं लिहू?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रसंग स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी घडतो. कॅप्टन अमेरिकाची अवाढव्य ढाल खाली कोसळलीय आणि तिच्यावर पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, गॉब्लिनला बडवतोय. चेहऱ्यावर मुखवटा नाही. एरवी मारामारीतही या पोराची बडबड थांबत नाही, इथे एकही विनोद नाही. मला माझ्याच हातांनी तुला मारायचंय, असं तो तोंडावर सांगतो. मग गॉब्लिनचाच ग्लायडर (तो ज्यावर उभा राहून उडतो ते यान) उचलतो, टोकदार बाजू खाली करून. या सिनेमात वेगवेगळ्या जगांतले तीन पीटर एकत्र येतात; त्यांतला टोबी मॅग्वायरचा पीटर मध्ये येऊन तो धरतो. दोघं कितीतरी वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहतात, तेव्हा कुठे याचे हात सैल पडतात.

माझं म्हणणं, बारावीच्या वयाचा मुलगा आहे तो. ज्या गॉब्लिनला औषध देऊन बरं करायचं म्हणून आंट मे (याला वाढवणारी काकू) आग्रह धरून बसली, त्यानेच तिला मारलं, तेही याच्या डोळ्यांदेखत. राग येणारच. मुलाचं म्हणणं, राग येऊ दे, पण आधीच्या 'होमकमिंग' सिनेमात (२०१७) व्हल्चर या खलनायकाने अंगावर छत पाडलं, तरी यानेच त्याला आगीतून ओढून काढलं ना? मुद्दा बिनतोड आहे. फक्त व्हल्चरने त्याच्या घरातलं माणूस नेलं नव्हतं. हे कारण धरायचं, की ही मी शोधलेली पळवाट आहे?

कॉमिक्स वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं, मूळचा पीटर असा आहे का? आणि दुसऱ्याने हात धरला म्हणून जीव वाचला असेल, तर ते याच्या चांगुलपणात जमा करायचं का? सोमवारी वही द्यायची आहे.

प्रतिसाद १:
ताई, मूळचा पीटर असाच आहे. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे १२१ आणि १२२ हे अंक, १९७३ सालचे. गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेनला, पुलावरून ढकलतो, ती जाते. पुढच्या अंकात पीटर त्याला गाठून असा काही झोडपतो की आपल्यालाच नको होतं. आणि मग मध्येच थांबतो. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळतं. तिथे हात धरणारं कुणी नसतं. गॉब्लिन मरतो तो स्वतःच पाठीमागून सोडलेल्या ग्लायडरने. त्याला मेलेला बघूनही पीटरला बरं वाटत नाही, नुसतं रितं वाटतं.

सिनेमातल्या पीटरला तेवढं जमलं नाही, हे खरं. पण पुढचं बघा. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर औषध फेकतो, ते झेलून गॉब्लिनच्या मानेत टोचतो कोण? हाच पोरगा. आंट मेचं अर्धवट राहिलेलं काम त्याने त्याच हातांनी पुरं केलं. माझ्या मते निबंधाचा शेवट तिथे आहे.

प्रतिसाद २:
मला नाही पटत. टोबी मध्ये आला नसता तर ग्लायडर आरपार गेलाच असता. मुलाला जे खटकलंय ते त्याने तसंच लिहावं. आवडत्या माणसाचं चुकलेलं लिहिलं म्हणून गुण कमी होत नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. औषधाचं ऐकल्यावर उठला, तो प्रसंग पुन्हा लावून बघितला, आणि "हो गं, यानेच टोचलंय" म्हणाला. आता 'त्याने मारलं नाही' हे वाक्य काढून 'त्याला मारायचं होतं' इथून परिच्छेद सुरू केलाय. पुढचं अजून दाखवत नाहीये.

आता त्याला तो १२२वा अंक बघायचाय, विशेषतः पीटर थांबतो ते पान. पुण्यात कुणाकडे संग्रह असेल तर व्यक्तिगत निरोप करावा. घरी येऊन, तुमच्यासमोर बसून बघेल, पानाला हात लावणार नाही.