प्रतिसाद: फक्त जखमींची मोजदाद नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय की पॅलेस्टिनी आरोग्य-संशोधन म्हणजे जखमींची मोजदाद. मला हे अजिबात पटत नाही. पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागातल्या ‘बिरझेत’ विद्यापीठाच्या रीटा जकामान आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास बघा. रामल्ला भागातल्या दहावी-अकरावीच्या मुलामुलींना त्यांनी विचारलं: तुमचा, किंवा तुमच्यादेखत घरच्यांचा, अपमान झाला का? ज्यांच्या वाट्याला असा अपमान अधिक आला, त्यांच्या प्रकृतीच्या तक्रारीही अधिक निघाल्या. हिंसेचे इतर अनुभव हिशेबात धरूनही हा संबंध टिकला! इस्रायली सैन्याच्या चेकनाक्यावर बापाला मान खाली घालावी लागते, तेही आरोग्यशास्त्राने मोजायचं असतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने व्याप्त पॅलेस्टाइनच्या आरोग्यावर लेखमालिका काढली. तिच्यातही जकामान होत्याच. ती जरूर वाचा.