पायाभूत चाचणीचे गुण भरून झाले, आता वर्गात नक्की करायचं काय?

सातपूरच्या_मॅडम
नमस्कार सगळ्यांना. सातपूरला अनुदानित शाळेत सहावीला गणित शिकवते, पट ५६. बहुतेकांचे आईवडील एमआयडीसीत कामाला, त्यामुळे घरी अभ्यास घेणारं कोणी असेलच असं नाही. पायाभूत चाचणी (वर्षाच्या सुरुवातीला मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर होते ती सरकारी) झाली, पेपर तपासले, गुण सरकारच्या चॅटबॉटवर भरले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हुश्श केलं. पण पेपरचा गठ्ठा माझ्या टेबलावरच पडलाय आणि मला कळत नाहीये की त्यातून मी काय घ्यायचं. निम्म्यापेक्षा कमी गुणांची १९ मुलं आहेत. जादा तास घ्यावा तर आमची शाळा दुपारची, सुटली की व्हॅनवाले गेटवर हॉर्न मारत उभे. बरं या १९ जणांना एकत्र बसवून पाचवीचं सगळं पुन्हा शिकवायचं का? तोवर पोर्शन कुठे जाईल? कोणी खरंच या चाचणीवरून वर्गातलं शिकवणं बदललंय का, सांगा प्लीज.

दिंडोरीचा_मास्तर
मॅडम, आधी ते गुण बाजूला ठेवा. गुणांवरून पोरगं कितव्या नंबरावर आहे ते कळतं, अडलंय कुठे ते नाही. चूक उत्तर काय लिहिलंय ते बघा, सगळा माल तिथेच आहे.

एकच उदाहरण घ्या, ४०३ वजा १५६. बरोबर उत्तर २४७. आता चुकलेले पेपर बघितले तर एकाने ३५३ लिहिलंय, म्हणजे तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतोय, वरचा कुठला खालचा कुठला त्याला फरकच नाही, हातचा वगैरे प्रकार त्याच्या डोक्यात नाहीच. दुसऱ्याने २५७ लिहिलंय. त्याने शतकातून दशक आणले, शून्याचे दहा केले, पण त्यातला एक एककाला दिल्यावर नऊ करायचे राहिले. तिसऱ्याचं १५७, तो शून्यावरून उडी मारून थेट शतकातूनच एककाला देतो, मग दशकासाठी पुन्हा शतकाकडे जातो. तिघांनाही शून्य गुण, पण पहिल्याला दहा-दहाचे गठ्ठे सुटे करण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि दुसऱ्याचं काम समोर बसवून दहा मिनिटांत होऊ शकतं. त्यालाही पाचवीचं सगळं परत शिकवत बसलात तर त्याचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाया.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. ब्राउन आणि बर्टन या दोघांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशाच चुकांवर पेपर लिहिला होता, बग्गी नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रामपण केला होता. मुलं निष्काळजीपणाने चुकतात असं आपण सरसकट म्हणतो, पण बरेचदा मूल अगदी नियमाने चुकत असतं, नियमच चुकीचा असतो.

गणित_गंगापूररोड
मास्तरांशी सहमत, पण यात एक मेख आहे. प्रश्नच असा हवा की चुकीची समजूत त्यात पकडली जाईल. सहावीचे दशांश अपूर्णांक घ्या. ०.७५ आणि ०.५ मध्ये मोठा कोणता असं विचारलं तर निम्मा वर्ग ७५ मोठे ५ लहान असं बघून बरोबर उत्तर देतो, तुम्ही टिक करता आणि पुढे जाता. तेच ०.३५ आणि ०.५ विचारा, तीच मुलं ०.३५ मोठा म्हणतील. परत काही मुलं याच्या बरोब्बर उलट असतात, त्यांना वाटतं शतांश म्हणजे बारीक तुकडे त्यामुळे दोन आकडे असले की संख्या लहानच, ती दुसऱ्या प्रश्नात बरोबर येतात आणि पहिल्यात चुकतात. म्हणून दोन्ही प्रश्न जोडीने ठेवायचे. सरकारी पेपरमध्ये सगळ्या घटकांचं थोडं थोडं असतं, त्यात एवढं बारीक मिळेलच असं नाही, मी प्रत्येक धडा सुरू करायच्या आधी स्वतःच असे चार प्रश्न फळ्यावर टाकते, मुलं चिठ्ठीवर उत्तर लिहून देतात, गुणबिण काही नाही. चिठ्ठ्यांचे ढीग लावायला मधली सुट्टी पुरते.

सिडको_सर
ऐकायला फार छान आहे हो सगळं. ५६ मुलं, आठवड्याचे तास ठरलेले, त्यात निवडणुकीची कामं, माहित्या भरा, लिंक भरा. आणि गट पाडले की दुसऱ्या दिवशी पोरांना बरोबर कळतं ढ कुणाचा गट. पालक भांडायला येतात ते वेगळंच. म्हणून मी सगळ्या वर्गाला एकत्रच उजळणी देतो.

दिंडोरीचा_मास्तर
सर, तुमचं माहित्यांबद्दल १०० टक्के खरं. पण गट मुलाचा करायचाच नाही ना, चुकीचा करायचा. आज वजाबाकीच्या गटात असलेला पोरगा उद्या भूमितीत दुसऱ्याला शिकवत असतो. मी तासाची पहिली पंधरा मिनिटं अशा गटाला देतो, बाकीचे तेव्हा उदाहरणं सोडवतात, उरलेला तास नेहमीचा धडा. आणि सगळ्या वर्गाला एकच उजळणी दिली की ज्यांना येतंय ते कंटाळतात, ज्यांना येत नाही ते फळ्यावरचं उतरवून घेतात.

पेठ_तालुका
आमच्याकडे घरची बोली कोकणा. माझं एकच सांगणं, कागदावर थांबू नका, मुलाला शेजारी बसवून "हे कसं केलंस सांग" म्हणा. फळ्यावरची दोन अंकी बेरीज पटकन करणारी मुलगी मी एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहायची. तिला स्थानिक किंमत चांगली कळत होती, संख्यानामं पक्की नव्हती. तोंडी विचारलं नसतं तर मी तिला दशक एकक शिकवत बसलो असतो. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, पण अडचण तर खरी आहे.

पालक_पाथर्डीफाटा
मी शिक्षक नाही, मध्येच बोलते. पालकसभेत आम्हाला दरवेळी एवढंच सांगतात की मुलीचं बेसिक कच्चं आहे. अहो कुठलं बेसिक? वरच्यासारखं शून्याच्या वजाबाकीत अडते असं कोणी सांगितलं तर घरी बसवून घेईन ना मी.

सातपूरच्या_मॅडम
सगळ्यांचे आभार, पालकताई तुमचेसुद्धा, पुढच्या सभेत हे लक्षात ठेवीन. काल घरी गठ्ठा उघडला आणि गुण न बघता नुसती उत्तरं चाळली. त्या १९ मध्ये हातचाच न कळलेली मुलं अगदी थोडी निघाली, बाकीची शून्यापाशी अडलेली आणि काहींची वजाबाकी तर उत्तम, गाडी अडलीये छेद वेगळे असलेल्या बेरजेत, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश! पण मला धक्का बसला तो वरच्या गुणांच्या मुलांचा. ६१२ भागिले ६ चं उत्तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी १२ लिहिलंय. या मुलांकडे मी बघणारच नव्हते. यावर काय करू? त्यांना भागाकाराची रीत तर येते.

गणित_गंगापूररोड
रीत येते म्हणूनच चुकतंय. १ ला ६ ने भाग जात नाही की सरळ पुढचा अंक खाली घेतात, वर शून्य द्यायचा राहतो. रीत परत शिकवू नका. भागाकार मांडायच्या आधी अंदाज लिहायला लावा, ६०० पेढे ६ जणांत वाटले तर प्रत्येकाला १००, मग ६१२ चे १२ कसे येतील? आणि शेवटी १२ गुणिले ६ करून पडताळा. मग ८१६ भागिले ८, ५१५ भागिले ५ अशी दोन-तीन द्या, आणि मध्ये एखादं ६७२ भागिले ६ पण टाका म्हणजे मुलं उगाच सगळीकडे शून्य घालत सुटणार नाहीत.

दिंडोरीचा_मास्तर
हेच लिहिणार होतो. पंधरा दिवसांनी आकडे बदलून तेच दोन प्रश्न परत द्या, न सांगता. आणि मॅडम, पेपरचे फोटो इथे टाकणार असाल तर मुलांची नावं झाका.