फेन्स्ड सिटीज म्हणजे कुंपणवाली शहरं??

शब्दवेडी:
मंडळी एक मदत हवीय. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधले (बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर) उतारे हौस म्हणून मराठीत करून बघतेय आणि 'फेन्स्ड सिटीज' वर गाडी अडलीये. अनुवाद 3:5 (हो, मराठीत त्या पुस्तकाचं नावच अनुवाद, माझ्या नशिबाला साजेसं), तिथे इस्राएली लोकांनी बाशानच्या ओग राजाची 60 शहरं घेतली त्याचं वर्णन आहे. मी बिनधास्त 'कुंपण घातलेली शहरं' लिहिलं आणि परत वाचताना डोळ्यापुढे काटेरी तार आणि आत शेळ्या.

कोटकर:
अहो ताई पुढचे शब्द बघा की, उंच भिंती, वेशी, अडसर सगळं तिथेच आलंय, शेळ्या कुठल्या. फेन्स म्हणजे डिफेन्सचाच पुढचा 'डि' गळून उरलेला शब्द, तलवारीचं फेन्सिंग पण तिथलंच. यिर्मया 1:18 ला तर याच भाषांतरात अख्खं 'डिफेन्स्ड सिटी' आहे. 1901 च्या अमेरिकन आवृत्तीने अनुवादातल्या त्या ओळीत सरळ फोर्टिफाइड केलं. तटबंदीची शहरं लिहा नि मोकळ्या व्हा.

निवांत_वाचक:
पण सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका हां. यशया 5:2 मध्ये द्राक्षमळ्याला हाच शब्द आहे, तिथे कुंपणच बरोबर, तट बांधलात तर मळेवाला कर्जात जाईल. आणि ईयोब 10:11 मध्ये तो देवाला म्हणतो की तू मला हाडांनी नि स्नायूंनी फेन्स केलंस, तिथे ना तट ना कुंपण, मी तरी 'गुंफलंस' करेन.

अर्धापान:
अवांतर, वॉल्टर स्कॉटच्या 'मार्मियन' या काव्यात (1808) सुरुवातीलाच नॉरम किल्ल्याचे 'बॅटल्ड टॉवर्स' येतात, कॉलेजात मी त्याचं 'लढाईत खिळखिळे झालेले बुरूज' केलं होतं आणि सरांनी लाल पेनने नुसतं एक उद्गारचिन्ह काढलं. ते बॅटलमेंटवाले, म्हणजे माथ्यावर दातेरी कठडा (चर्या) असलेले बुरूज.

शब्दवेडी:
हाहा. पण तटबंदीने तो जुना वास जातो ना? 'कोटबंद नगरे' कसं वाटतं?

कोटकर:
जुना वास आपल्याला येतो हो, 1611 च्या माणसाला तो साधाच शब्द होता. कोटबंद नको, उगाच बखर वाटते.

शब्दवेडी:
बरं, तटबंदी फायनल, ईयोबाला गुंफलंस. आता यशया 33:16 मधले 'म्युनिशन्स ऑफ रॉक्स', तिथे पण दारूगोळा नसणार ना?

कोटकर:
नाही. खडकातले दुर्ग.